तिसऱ्या सीडीचा शेवट

रविवार, भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस. ठिकाण : दारव्हा, भावाचं घर, समोरची खोली. हजर : बाबा, भाऊ, वहिनी आणि मी. गैरहजर : माझे यजमान. त्यांच्या मते जुन्या सीड्या म्हणजे रद्दी, आणि रद्दीसाठी यवतमाळहून गाडी काढणं त्यांना पटत नव्हतं. मी एसटीने गेले.

सोबत नेलं ते असं : लॅपटॉप, चार्जर, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून मागून आणलेला बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह, दोन पेन ड्राइव्ह, चष्मा पुसायचं मऊ फडकं, वही आणि दोन पेनं. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते. ती कुणाला विचारून काढली ते मला माहीत नाही. घराघरात डबे भरून सीड्या पडल्या आहेत आणि त्या वाजवायचं यंत्र मात्र बाजारातून गेलं. चौकशीसाठी फिरले तर एका दुकानदाराने मला विचारलं, "अजून सीडी पाहता तुम्ही?" जणू मी चुलीवर आंघोळीचं पाणी तापवते असं सांगितलं होतं. तापवत असते तरी त्याला काय करायचं होतं?

कामाचं कारण बाबा. भाऊबीजेला ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "तुया भावाच्या लग्नाच्या तीन सीड्या आहेत. तिसरीच्या शेवटी तुही माय नाव घेते. ते एकडाव आयकून घ्याव म्हनतो."

एवढंच बोलले आणि पेपर उघडला. बाबा ब्याऐंशीचे आहेत. मागणं त्यांच्या स्वभावात नाही. मागच्या दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मी मोजू शकते : कानाचं मशीन, एक मफलर आणि ही सीडी.

आईने बाबांना कधी नावाने हाक मारली नाही. तिच्या पिढीत कुणीच मारत नव्हतं, पण आईचं जरा जास्तच होतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला पुढे करायची. पोस्टात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे तेच. नाव सांगायचं काम माझं. उखाण्याची वेळ आली की ती स्वयंपाकघरात निघून जायची. भावाच्या लग्नात मात्र बायकांनी तिला सोडलं नाही. नवी सून उंबरठ्यात उभी, माप ओलांडायचं बाकी, आणि सगळ्या म्हणाल्या, आधी सासूबाईंचं होऊ दे. आईने उखाणा घेतला. बाबा तेव्हा अंगणात मांडवाच्या खांबाशी उभे होते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं ते त्या एका संध्याकाळी.

आई जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हा घरात बटणाचे फोन होते. तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. तिच्या लग्नाच्या वेळी शूटिंग नव्हतं, भावाच्या लग्नाच्या वेळी होतं, पण शूटिंगवाल्यांनी त्याचं काय केलं ते पाहा. मांडव, हळद, जेवणावळ, सगळ्यावर त्यांनी सिनेमातली गाणी घातली. मिक्सिंग म्हणतात त्याला. आई हळदीच्या वेळी तोंड भरून बोलते आहे, हात करून कुणाला तरी बोलावते आहे, आणि आवाज कुणाचा? मुंबईच्या कुठल्या तरी गायिकेचा. त्या गायिकेचा आवाज जगात आणखी लाख ठिकाणी आहे. माझ्या आईचा नव्हता. उखाणा आवाजाशिवाय निरर्थक, म्हणून तेवढा तुकडा त्या माणसाने सोडला. उपकारच म्हणायचे.

वहिनीने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. फरसाणाचा, पंधरा किलोचा. आत सीड्या. मी एक-एक काढून खालची चकचकीत बाजू पुसली आणि पाकिटावरचं वाचून वहीत नोंद केली. एकूण तेवीस. भावाचं लग्न तीन. पुतणीचं बारसं एक. वास्तुशांती एक. शेतातल्या बोअरचं पूजन एक, होय, त्याचंही शूटिंग केलं होतं. भावाच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन दोन. बियाण्याच्या कुठल्या तरी कंपनीने फुकट वाटलेली, कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती देणारी एक. बाकी नात्यातली लग्नं.

भाऊ सोयाबीनच्या पोत्यांच्या गडबडीत होता. तो मधूनमधून दारात यायचा.

"ताई, झालं का?"

"पहिलीच चालू आहे."

"बाप्पा! मंग तू उद्यालोक बसतं इथं."

"बसते. तुझं काय जातं?"

"माहं काय जाते, पुरनपोयीचं पुरन जाते."

पहिली सीडी कॉपी होत होती. मी टक्के बघत होते. ऐंशीच्या पुढे ड्राइव्ह घरघरला, मग टकटक करायला लागला, आणि लॅपटॉपने जाहीर केलं की वाचता येत नाही. मी वहीत फुली मारली, दुसरी घातली. तीही ऐंशीच्या आसपास अडकली. मी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तिथेच.

मग बोअरचं पूजन घातलं. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ आलं. नारळ फुटला, पाणी आलं, भाऊ ओलाचिंब होऊन नाचला, सगळं. वास्तुशांती आली. बोंडअळी आली, अगदी शेवटच्या आभारप्रदर्शनासकट. माझा संताप तिथे सुरू झाला. घरातल्या ज्या गोष्टींवाचून कुणाचं काही अडलं नसतं, त्या टुणटुणीत होत्या.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले होते. कानाचं मशीन त्यांनी नव्या सेलसह लावलं होतं. मला तिसरी सीडी टाळता येईना. कॉपीचं राहू दे, निदान दाखवावं, म्हणून मी ती सरळ चालू केली आणि शेवटाजवळ नेली.

उंबरठा दिसला. माप दिसलं. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन उभी, वय तेवीस. आणि आवाज, खरा आवाज, बायकांचा गलका : "घ्या न वो घ्या! आज सुटका नाई!" "सून हासून राह्यली पाहा!" "मोठ्यानं घ्या, तिकडे मांडवात आयकू गेलं पाहिजे!" आईने पदराचं टोक तोंडावर धरलं. मग ते खाली घेतलं. मान जरा वर केली, आमच्याकडे नाही, अंगणाकडे. तोंड उघडलं.

आणि चित्र थांबलं.

ड्राइव्ह टकटक करत राहिला. बाबा पडद्याकडे पाहत राहिले. आईचं तोंड उघडं होतं.

"पुढं?" बाबा म्हणाले.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. त्याच जागी थांबलं. तीनदा केलं. चौथ्यांदा बाबाच म्हणाले, "राहू दे. मशीन तापन तुही."

मी सीडी काढली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. तेव्हा दिसलं. काठाजवळून, गोलाकार, बारीक बारीक भोकांमधून उजेड येत होता. भोकांची अक्षरं होती. मी उलटी करून वाचलं. बाबांचं नाव, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासह, आडनाव, पुढे मु. पो. दारव्हा.

वहिनीने डब्यातली दुसरी उचलली. तिसरी उचलली. सगळ्यांवर तेच. बोंडअळीवरसुद्धा.

"हे आईनं टाकून आनलं होतं," वहिनी म्हणाली. "पोरीचं बारसं झालं त्या वर्षी. आठवडी बाजारात तो भांड्यावर नावं टाकनारा बसते न, त्याच्याकडून."

तुमच्याही घरी असतील अशी भांडी. परात, गंज, पातेलं, वाट्यांचा संच. एका लग्नघरातून दुसऱ्या लग्नघरात जातात आणि नावावर ओळखून परत येतात. भांडी विकणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसतो, त्याच्या हातात किर्र वाजणारं यंत्र असतं, तो काठाच्या कडेने सुबक अक्षरात नाव कोरून देतो. आईने त्याच्यासमोर तेवीस सीड्या ठेवल्या असतील. त्याने विचारलंही नसेल. काठ होता, गोल होतं, चकाकत होतं. त्याने परातीसारखंच काम केलं.

भावाला हसू आलं. "बाप्पा, परात केली का मायनं सीडीची!" तो म्हणाला, माझ्याकडे पाहिलं आणि पोत्यांकडे निघून गेला.

मी आईवर चिडले नाही. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर घरात सगळ्यांनी आईचीच चूक म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला. आईला नावं का कोरावी लागली? कारण आमच्या नातेवाइकांना नेलेली वस्तू परत द्यायची सवय नाही. लग्न झालं, सीड्या आल्या, आणि जे लग्नाला येऊ शकले नव्हते त्यांनी मागायला सुरुवात केली. जे आले होते त्यांनीही मागितल्या, स्वतःला पाहायला. पहिली सीडी दिग्रसला गेली ती दोन महिने आली नाही. आली तेव्हा तिच्यावर तेलाचे ठसे होते. दुसऱ्या सीडीच्या पाकिटात परत आली ती कुणाच्या तरी जावळाची सीडी. आमची सीडी शोधायला आई स्वतः तीन घरं फिरली. तिथे तिला सांगितलं गेलं, "आमचीच आहे म्हनून ठेवली होती, त्याच्यावर कुठं तुमचं नाव होतं?"

हे वाक्य ऐकून ती बाजारात गेली. मला फोनवर सांगितलं, आता कोणी म्हणून दाखवावं आमची आहे म्हणून. पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा तिने मला एक सीडी दाखवली. मी म्हटलं, हे छान केलंस. मनापासून म्हटलं, आणि पुढे विसरून गेले. मी ऑफिसात आवक-जावक सांभाळते. ज्या वस्तूवर नाव-क्रमांक नाही ती वस्तू हरवलेली समजावी, असं मी नव्या लोकांना शिकवते. आईने माझ्या मनासारखं काम केलं होतं. त्या वेळी मी सीडी उजेडासमोर धरली नाही. सीडीप्लेअर तोवर बिघडला होता, आणि दुरुस्तीला टाकलेला प्लेअर कधी आणला गेला नाही. त्यामुळे पुढे कुणी काही लावून पाहिलंच नाही.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी तिन्ही सीड्या यवतमाळला एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे. वयस्क गृहस्थ, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. त्यांनी सीडी हातात घेतली, तिरकी केली, आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मॅडम, हे कोन केलं?"

"घरच्यांनी."

"खालून खरोंचा असत्या तं मी घासून देलो असतो. वरून केलं ना हे."

त्यांनी मला समजावून सांगितलं. खालची चकचकीत बाजू म्हणजे जाड प्लास्टिक. तिला ओरखडा गेला तर घासून काढता येतो. चित्र आणि आवाज असतो तो वरच्या बाजूला, नाव लिहितो त्या बाजूला, पापुद्र्याएवढ्या थराच्या खाली. आपण सगळे उलट समजतो. खालची बाजू जपतो आणि वर वाटेल ते करतो. आणि सीडी आतून बाहेर भरत जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट काठाला. "अर्धी भरलेली असती तं काठाले काहीच नसतं. पूरी भरेल आहे न, म्हनून शेवट गेला."

म्हणजे बोअर वाचला तो छोटा होता म्हणून. लग्नाची एक-एक सीडी शूटिंगवाल्याने काठोकाठ भरली होती. तिन्हींचे शेवट गेले होते.

त्यांनी सीड्या तीन दिवस ठेवून घेतल्या. एक प्रोग्राम असतो, तो वाचता येत नाही तो भाग सोडून पुढे जातो, पुन्हा मागे येतो, पुन्हा प्रयत्न करतो. गुरुवारी त्यांनी मला काय मिळालं ते दाखवलं. आई तोंड उघडते त्यानंतरचे दोन-तीन सेकंद आले होते. चित्र चौकोनांचं झालेलं, आवाज नाही. चौकोनांमध्ये तिचे ओठ हलत होते. नंतर काळं.

"यापेक्षा जास्ती होनार नाई," ते म्हणाले. "खोटं सांगून पैसे नाई घेत मी. दुसरी कॉपी आहे का कुठं?"

मी शूटिंगवाल्याला शोधलं. तो आता लग्नाआधीची शूटिंगं करतो, नवरा-नवरीला धरणाच्या भिंतीवर उभं करून वरून ड्रोन फिरवतो. जुन्या टेपा? तो फोनवरच हसला. "ताई, तेव्हा एका टेपवर पाच-पाच लग्नं मारायचो आम्ही. तुमच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं." हे त्याने लाजून नव्हे, तर धंद्यातली हुशारी म्हणून सांगितलं.

पण त्याच्याकडून एक गोष्ट कळली. त्याने दोन संच दिले होते. एक आमच्याकडे, एक मुलीकडच्यांना.

पुढच्या रविवारी मी पुन्हा दारव्ह्यात. हजर तेच, फक्त भाऊ शेतात. वेचणीला बायका लागल्या होत्या. वहिनीचं माहेर राळेगावकडे, एका खेड्यात. तिने स्वतःच्या आईला फोन लावला, आवाज मोठा केला. तिच्या आईने कपाट उघडून पाहिलं. पहिली होती, दुसरी होती. तिसरी?

"तिसरी तं तुमच्या आत्याबाई घेऊन गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्याईच्या पोरीच्या लग्नाच्या आंधी. पाहून देतो म्हने."

आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वहिनीच्या माहेरच्याच गावात दिलेली. हे लग्न तिनेच जमवलं होतं. मी ताबडतोब तिला फोन लावला. बाबा समोर बसले होते. आवाज मी मोठाच ठेवला, कारण मला वाटलं, आता काम झालं.

"आत्या, भावाच्या लग्नाची तिसरी सीडी तुझ्याकडे आहे का?"

"कोनती वं माय?"

"वहिनीच्या घरून नेलीस ती."

"हो, हो. ते आता कुठं? ते तं रुखवतात लागली."

मला कळलं नाही. "रुखवतात काय लागलं?"

"मोर केला होता न वं मी पोरीच्या रुखवतात! सीड्याईचा मोर. पिसारा सीड्याईचा. तुनं पाह्यला होता, तूच म्हने, आत्या लय भारी केला."

मी पाहिला होता. वरच्या अंगाला टिकल्या आणि कुंदनाचे खडे, काठाने लेस, लांबून खरंच झगझगायचा. आत्याने गावभरातून सीड्या गोळा केल्या होत्या.

"आत्या, दुसऱ्याची लग्नाची सीडी तू मोराला लावलीस?"

"पाहून झाली होती सगळ्याईची. कोन पाहून राह्यलं होतं? पडूनच होती."

"पडून होती म्हणून ती तुझी झाली का? तू पाहून देते म्हणून नेलीस. तुला विचारावंसंही वाटलं नाही?"

"काहून एवढी तणतण करून राह्यली वं? एका सीडीसाठी आत्याले असं बोलतात का? सोन्याची होती का ते?"

मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. दिग्रसची सीडी, तेलाचे ठसे, जावळ, तीन घरं फिरलेली आई, कोरलेली नावं, सगळं मी एकापाठोपाठ एक बाहेर काढलं, तारीखवार. सतरा वर्षांचा राग मी तिच्या एकटीवर काढला, हे मला मान्य आहे. पण त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. शेवटी सांगितलं की बाबांना आईचा उखाणा ऐकायचा आहे आणि तो जगात आता फक्त तुझ्या मोरात आहे. मोर परत माग.

आत्या म्हणाली, "देल्लं रुखवत परत मागू? पोरीच्या सासरी? तोंड दाखवाले जागा राहीन का माह्या पोरीले? सात वर्षं झाले लग्नाले, आन आता मी म्हनू, मोर द्या वापस?"

"माझं नाव सांग."

"नाई सांगत. आन माह्या भावाले एवढं आयकाचं होतं, तं माही वहिनी जिती होती तवा काहून नाई म्हनलं, घे माहं नाव म्हनून? तवा तं बोलाले तोंड नव्हतं याले. आता मोरातून काढा म्हनते!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला.

"बंद कर तो फोन."

मी बंद केला. वहिनी चहा टाकायला आत गेली, खरं म्हणजे तिला तिथून उठायचं होतं. मला वाटलं, बाबा बहिणीवर चिडले. माझी तशीच इच्छा होती.

"तिचं खरं आहे," बाबा म्हणाले. "म्या म्हनलं नाई कधी. लाज वाटे."

"म्हणून काय तिने सीडी..."

"तू तिच्यासंग नको भांडू. मोराचं पाह्य."

मोराचं पाह्य. म्हणजे त्यांनी सोडलेलं नव्हतं. मला तिथे समजलं की मी भांडणाच्या कामाला लागले होते आणि मूळ काम तसंच होतं.

आतेबहीण वणीला असते. तिला मी थेट फोन केला. ती बिचारी चांगली. तिने दुपारी सासूबाई झोपल्यावर हळूच कॅमेरा सुरू करून मोर दाखवला. दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, काचेच्या चौकटीत. सासूबाईंनी स्वतः फ्रेम करून घेतला आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात की हा आमच्या सुनेच्या आईने हाताने केला. पिसाऱ्यात एकतीस चकत्या आहेत. चकचकीत बाजू सगळ्यांची बाहेर, नावाची बाजू पुठ्ठ्याला चिकटवलेली.

"त्यातली तुमची कोनती, ते कसं कळन ताई?"

"एक-एक लावून पाहावी लागेल."

"म्हंजे पूर्न मोर खोलाचा?"

"हो."

ती कुजबुजत म्हणाली, "मग मी नाई बोलू शकत सासूबाईशी. तूच बोल. तू मोठी आहे, तुले नाई म्हननार नाई. मी म्हनलं तं म्हनतीन, माहेरच्याईनं चोरीची वस्तू देल्ली का?"

आणि त्यांनी तसं म्हटलं तर चूक काय? चोरीचीच वस्तू आहे. पण त्या बाईंनी काय केलं? घरात आलेली वस्तू काच लावून जपली. आमच्या सगळ्या नातेवाइकांत सीड्या नीट सांभाळणारी ती एकटी, आणि जाब विचारायला मी निघाले तिच्याकडे. याचाही मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

मी दुरुस्तीवाल्यांना फोटो पाठवला. त्यांचा सल्ला वहीत उतरवला आहे : चकत्या ओढून काढू नका, गोंदाबरोबर वरचा थर उपटून येईल. पुठ्ठ्यासकट आणा. एक-एक चकतीभोवती पुठ्ठा कापून, मागून ओलसर करून, हळूहळू. सगळ्या वाचतील याची हमी नाही. एक वाचली तरी ती तुमचीच असेल याची हमी नाही.

यादी पूर्ण करायची म्हणून बाकीची कामं मी संपवली. तेवीसपैकी चौदा पूर्ण कॉपी झाल्या. उरलेल्या जेवढ्या येतील तेवढ्या घेतल्या. दोन पेन ड्राइव्ह, एक भावाकडे, एक माझ्याकडे, वहीत नोंद. मूळ सीड्या मऊ कागदात गुंडाळून, त्याच डब्यात. बाबांसाठी तिसऱ्या सीडीचा वाचलेला भाग वेगळा काढून वहिनीच्या फोनमध्ये टाकला. ते रोज एकदा पाहतात, वहिनी सांगते. गलका पाहतात, पदर खाली येतो तिथपर्यंत, आणि फोन परत देतात. मला फोन करतात तेव्हा मोराचं विचारत नाहीत. जेवली का, थंडी पडली का, एवढंच.

आत्याने तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. ते मी सहन करीन. तिने येऊन माझी माफी मागावी अशी माझी अपेक्षा आहे, आणि ती मागणार नाही हेही मला माहीत आहे.

मोराच्या बदल्यात काय द्यायचं ते ठरलं आहे. तसाच मोर, कोऱ्या सीड्यांचा, एकतीस नगांचा. कोऱ्या सीड्या मिळायला आठवडा गेला. यवतमाळात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर पन्नासचा डबा मिळाला. टिकल्या, खडे, लेस वहिनीने दारव्ह्याच्या बाजारातून आणली. पुठ्ठा कापून झाला. वणीच्या बसच्या वेळा लिहून ठेवल्या, सकाळची साडेसातची बरी. दुरुस्तीवाल्यांनी कोणता दिवस मोकळा ते सांगितलं.

राहिला आहे तो फोन. सासूबाईंना. मी ऑफिसात रोज दहा अनोळखी लोकांना फोन करते, पण या फोनचं पहिलं वाक्य मला सापडत नाही. वहीत लिहून पाहिलं. "आपल्या घरी जो मोर आहे" असं सुरू केलं तर वाटतं, मी वसुलीला आले. "आमची एक वस्तू चुकून" लिहिलं तर आतेबहिणीचं माहेर चोर ठरतं. "माझ्या आईचा आवाज" लिहिलं आणि पुढे लिहिता आलं नाही. तीन वाक्यं खोडली. चौथं अर्धं आहे. दोन रविवार गेले, आणि वहीच्या त्या पानावर नंबर लिहिलेला आहे, वेळ लिहिलेली आहे, दुपारी चारनंतर, त्या उठल्या की. फोन अजून करायचा आहे.